डब्यातली पावडर की घरचे सातू? माप कोणाचे मानायचे

पहाटे पाचला रोवण्याला निघालेल्या बाईच्या पोटात काय असते? बहुतेक वेळा काळा चहा, फार तर रात्रीच्या उरलेल्या भाताचे दोन घास. मार्च-एप्रिलमध्ये अंधारात उठून मोहफुले वेचायला जाणारे, मे महिन्यात तेंदूपत्ता तोडायला जंगलात शिरणारे, कोळसा खाणीत पहिल्या पाळीला जाणारे, पोलीस भरतीसाठी चंद्रपूर-गडचिरोलीच्या मैदानांवर धावणारे आपले पोरगे-पोरी, या सगळ्यांची अडचण एकच आहे. सकाळचे जेवण होत नाही आणि दुपारचे कधी होईल याचा नेम नसतो.

या अडचणीवर आता वस्तीत डबा आला आहे. ओळखीचेच कोणीतरी घरी येते, डब्यावरचे चित्र दाखवते आणि सांगते, ‘जेवणाऐवजी हे दोन चमचे घ्या.’ एका डब्याच्या किमतीत घरातला महिन्याचा किराणा अर्धा भरेल. ज्यांना तो परवडत नाही ते मोबाइलवर घरगुती पावडरीची कृती शोधतात. तिथे एक जण दहा धान्ये सांगतो, दुसरा काजू-बदाम सांगतो, तिसरा सोयाबीन कच्चेच दळायला सांगतो. कुणी वाटीने मोजतो, कुणी मुठीने. एका कृतीत पाच ग्रॅम प्रथिने असतात, तर जवळपास तीच कृती दुसरा सांगतो तेव्हा त्यात पंचवीस ग्रॅम होतात. आपल्या घरातल्या बाईने यातले खरे कसे ओळखायचे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

आधी चार प्रश्न विचारा

तथागतांनी कालामांना सांगितले होते की केवळ ऐकले म्हणून, परंपरेने चालत आले म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून काही मानू नका. स्वतः पारखून पाहा. हा उपदेश स्वयंपाकघरातही तितकाच लागू आहे. कोणतीही कृती समोर आली की चार प्रश्न विचारा.

पहिला, प्रत्येक पदार्थाचे वजन ग्रॅममध्ये दिले आहे का? वाटी प्रत्येक घरची वेगळी असते. ‘एक मूठ’ म्हणजे आजीची मूठ वेगळी आणि नातीची वेगळी.

दुसरा, एका वेळच्या मापात किती कॅलरी आणि किती प्रथिने मिळतात हे लिहिले आहे का? ‘भरपूर ताकद’ हे माप नव्हे.

तिसरा, हे कोणासाठी आहे आणि कोणासाठी नाही, हे सांगितले आहे का? सगळ्यांना, सगळ्या वयात, सगळ्या आजारांत चालणारे अन्न नसते.

चौथा, सांगणाऱ्याला विक्रीतून पैसे मिळतात का? मिळत असतील म्हणून तो खोटेच बोलतो असे नाही. पण त्याचे म्हणणे दुसऱ्या ठिकाणी पडताळून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

पडताळून कुठे पाहायचे

आपल्याकडे यासाठी एक सार्वजनिक संस्था आहे आणि ती फार दूर नाही. बल्लारशाहून जी गाडी दक्षिणेला जाते त्याच वाटेवरच्या हैदराबादेत राष्ट्रीय पोषण संस्था आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ही संस्था सरकारी आहे, ती डबे विकत नाही. तिची सुरुवात १९१८ साली तामिळनाडूतील कुन्नूर येथे, रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या छोट्या प्रयोगशाळेत झाली. तिथे पहिला शोध बेरीबेरी या आजाराचा होता. तांदळाला जास्त पॉलिश केले की कोंड्याबरोबर बी-१ जीवनसत्त्व निघून जाते आणि केवळ अशा भातावर जगणाऱ्याला हा आजार होतो. म्हणजे भात खाणाऱ्या गरिबाच्या प्रश्नापासूनच ही संस्था उभी राहिली. १९५८ मध्ये ती हैदराबादला आली.

या संस्थेची तीन कामे आपल्या उपयोगाची आहेत. डॉ. सी. गोपालन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केलेले भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचे पुस्तक १९७१ पासून देशभर वापरले गेले. २०१७ मध्ये ५२८ अन्नपदार्थ नव्याने तपासून संस्थेने नवे अन्नघटक तक्ते काढले. २०२० मध्ये कोणाला रोज किती पोषण लागते याचे आकडे ठरवले गेले आणि मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी १७ आहारसूत्रे प्रसिद्ध झाली. ही आहारसूत्रे संस्थेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. पुस्तिका इंग्रजीत आहे, म्हणून घरातल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलीला ती उतरवून घ्यायला लावा आणि आपल्याला लागणारी पाने मराठीत समजावून घ्या.

या सूत्रांत एक गोष्ट स्पष्ट आहे. चांगली प्रथिने वेगवेगळे अन्नपदार्थ एकत्र खाऊन मिळवा आणि शरीर कमावण्यासाठी प्रथिनांची पावडर टाळा. भरतीची तयारी करणाऱ्या पोरांनी हे वाक्य लक्षात ठेवावे.

हैदराबाद मिश्रण

घरगुती मिश्रणाची एक मोजलेली, लिहिलेली कृती याच संस्थेने दिली आहे. तिला ‘हैदराबाद मिश्रण’ म्हणतात. कुपोषित मुलांसाठी ती तयार झाली. माप असे:

गहू ४० ग्रॅम
हरभऱ्याची डाळ १६ ग्रॅम
शेंगदाणे १० ग्रॅम
गूळ २० ग्रॅम

एकूण ८६ ग्रॅम. यातून सुमारे ३३० कॅलरी आणि ११ ग्रॅम प्रथिने मिळतात. गहू, डाळ आणि दाणे वेगवेगळे भाजायचे, दळायचे आणि गूळ मिसळायचा. दहा वेळचे करायचे तर ४०० ग्रॅम गहू, १६० ग्रॅम डाळ, १०० ग्रॅम दाणे आणि २०० ग्रॅम गूळ.

वाचताच लक्षात आले असेल की हे आपल्या विदर्भातले सातूच आहे. गहू आणि डाळं भाजून, दळून, उन्हाळ्यात गुळाच्या पाण्यात कालवून आपल्या आज्या देत असत. त्यात शेंगदाण्यांची भर आणि मापाची शिस्त, एवढाच फरक. धान्य आणि डाळ एकत्र घेण्यामागे कारण आहे. गहू-तांदळाच्या प्रथिनात लायसिन नावाचा भाग कमी असतो, तो डाळीत भरपूर असतो. डाळीत जे कमी पडते ते धान्यात असते. दोन्ही मिळून काम पूर्ण होते.

आपल्या घरचा हिशोब

कृती पारखायची तर थोडे आकडे हाताशी हवेत. दर १० ग्रॅममागे साधारण एवढे मिळते:

गहू: ३५ कॅलरी, १.२ ग्रॅम प्रथिने
ज्वारी: ३५ कॅलरी, १ ग्रॅम
तांदूळ: ३५ कॅलरी, ०.७ ग्रॅम
नाचणी: ३३ कॅलरी, ०.७ ग्रॅम (मात्र कॅल्शियम भरपूर)
डाळं किंवा फुटाणे: ३७ कॅलरी, २.२ ग्रॅम
शेंगदाणे: ५७ कॅलरी, २.५ ग्रॅम
तीळ: ५६ कॅलरी, १.८ ग्रॅम
जवस: ५३ कॅलरी, २ ग्रॅम
गूळ: ३८ कॅलरी, प्रथिने जवळपास शून्य

हे आकडे संस्थेच्या जुन्या पुस्तकावर आधारलेले आहेत. नव्या तक्त्यात थोडा फरक दिसेल, पण घरच्या हिशोबाला एवढे पुरते. हा कागद भिंतीवर चिकटवला तर कोणतीही कृती पाच मिनिटांत तपासता येईल.

समजा, कामाला जाणाऱ्या बाईसाठी गूळ न घालता ४० ग्रॅम गहू, ३० ग्रॅम डाळं आणि १५ ग्रॅम शेंगदाणे घेतले. हे माप संस्थेचे नाही, वरच्या आकड्यांवरून आपणच बेरीज करून पाहू. गव्हाचे १४० कॅलरी, डाळ्याचे १११, दाण्यांचे ८५. मिळून सुमारे ३३५ कॅलरी. प्रथिने ४.८, ६.६ आणि ३.८ म्हणजे १५ ग्रॅमच्या आसपास. गव्हाऐवजी घरचा तांदूळ घेतला तर प्रथिने १३ ग्रॅमवर येतात. म्हणजे धानाच्या भागात गहू नसला तरी काम अडत नाही, डाळं दहा ग्रॅम वाढवले की झाले. आणि कोणी अशाच मिश्रणात पन्नास ग्रॅम प्रथिने सांगत असेल तर तो बेरीज चुकला आहे किंवा आपल्याला फसवतो आहे.

ही न्याहारी आहे, जेवण नाही

आता हीच बेरीज पुढे नेऊ, कारण खरी गोम इथे आहे. २०२० च्या आकड्यांप्रमाणे प्रौढ माणसाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. ५५ किलोच्या बाईला सुमारे ४६ ग्रॅम. आपल्या मिश्रणाच्या एका मापातून त्याचा तिसरा हिस्सा मिळतो. छान वाटते. पण दिवसभर वाकून रोवणा करणाऱ्या, म्हणजे जड काम करणाऱ्या त्याच बाईला २,७२० कॅलरी लागतात. त्यातला फक्त आठवा हिस्सा या पेल्यात आहे.

तुलनेला दीडशे ग्रॅम तांदळाचा भात, तीस ग्रॅम तुरीचे वरण आणि एक चमचा तेल घ्या. एवढ्या साध्या ताटातून साडेसहाशेच्या वर कॅलरी मिळतात. म्हणून ‘जेवणाऐवजी’ हा शब्दच मजुराच्या बाबतीत खोटा ठरतो. पावडर विकत्या डब्यातली असो की घरची, जेवण सोडून तीच घेतली तर अंगमेहनत करणारा माणूस उपाशी राहतो. डॉ. गोपालन यांनीही अनेक वर्षांच्या अभ्यासातून हेच मांडले की आपल्या देशातल्या गरीब मुलांना मुळात पोटभर अन्नच कमी पडते, केवळ प्रथिनांचा तुटवडा हे दुखणे नाही.

या पिठात आणखी काही गोष्टी नसतात. जीवनसत्त्व ‘क’ नसते. जीवनसत्त्व ‘अ’ नगण्य असते. बी-१२ अजिबात नसते, ते अंडी, मासे, मटण, दूध यांतूनच मिळते. म्हणून पिठाबरोबर एखादे उकडलेले अंडे, लिंबाची फोड, दुपारी शेवग्याची किंवा अंबाडीची भाजी असू द्या. अंड्यातून सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. लिंबू पिळले की डाळ-धान्यातले लोह अंगी लागते. लगेच चहा घेतला तर तेच लोह अडते, म्हणून चहा तासभर पुढे ढकला.

गुळाबद्दलही एक गैरसमज आहे. ‘गुळाने रक्त वाढते’ असे आपण म्हणतो. बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह लागते आणि २० ग्रॅम गुळातून एक मिलिग्रॅमही मिळत नाही. गूळ चवीला आणि ऊर्जेला ठीक आहे, रक्त वाढवायला त्याच्या भरवशावर राहू नये.

लाखोळी पिठात घालू नका

हा मुद्दा खास आपल्या भागाचा आहे. धान निघण्याच्या सुमारास बांधीत लाखोळी टाकायची रीत चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात जुनी आहे. लाखोळीत १०० ग्रॅममागे २८ ग्रॅम प्रथिने आहेत आणि ती स्वस्त आहे. त्यामुळे घरच्या पावडरीत तीच टाकावी असे कोणालाही सुचेल. पण लाखोळीत एक विषारी द्रव्य असते. थोडी लाखोळी इतर अन्नाबरोबर अधूनमधून खाणाऱ्याला सहसा त्रास होत नाही. मात्र दुष्काळात किंवा गरिबीत महिनोन्महिने तीच मुख्य अन्न झाली तेव्हा मध्य भारतात कितीतरी माणसांचे पाय कायमचे लुळे पडले. या आजाराला लॅथिरिझम म्हणतात. १९६१ मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली. कमी विषाचे वाण निघाल्यावर बंदीवर वादही झाले.

आपल्यासाठी महत्त्वाची गोष्ट अशी. लाखोळीची डाळ गरम पाण्यात भिजवून किंवा उकळून ते पाणी टाकून दिले की विष बरेच कमी होते. भाजून दळलेल्या पिठात पाणी फेकण्याची सोयच नसते. शिवाय पावडर रोज घेतली जाते. म्हणून सातूत लाखोळी नको. बाजारच्या स्वस्त बेसनात लाखोळीची भेसळ होते, यासाठी बेसन आणण्यापेक्षा आख्खे फुटाणे किंवा हरभरा आणून चक्कीवर आपल्या डोळ्यांसमोर दळून घ्या.

सोयाबीनचेही तसेच. त्यात प्रथिने सर्वांत जास्त, पण कच्च्या सोयाबीनमधले काही घटक पचन अडवतात. घालायचेच तर आधी चांगले उकडून, वाळवून, मग भाजून थोडे घाला.

दाणे निवडणे हेच औषध

शेंगदाणे आणि मका यांना दमट हवेत बुरशी लागते आणि त्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होते. ते यकृतावर जाते. १९७४ मध्ये राजस्थान-गुजरातच्या सीमेवर बांसवाडा आणि पंचमहाल भागात बुरशीचा मका खाऊन शंभरावर माणसे दगावली. भाजल्याने हे विष पूर्ण जात नाही. म्हणून सुरकुतलेले, काळपट, हिरवट, कडू लागणारे दाणे बाजूला काढा. ते कोंबड्यांनाही घालू नका.

आपल्याकडे चार महिने पाऊस असतो, त्यामुळे पीठ एकदम महिन्याचे करू नका, पंधरा दिवस पुरेल एवढेच करा. भाजलेले पदार्थ पूर्ण गार झाल्यावर दळा. गूळ ओल धरतो, म्हणून तो पिठात न मिसळता खाताना घाला. डबा कोरडा, झाकण घट्ट, चमचा कोरडा. पीठ कालवायला उकळून घेतलेले पाणी वापरा. खवट वास आला की फेकून द्या, नासलेले पीठ पोटात घालणे ही काटकसर नव्हे.

कोणी विचारूनच घ्यावे

सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही देऊ नका, पाणीसुद्धा नाही. त्यानंतर मिश्रण द्यायचे तर बारीक दळून, घट्ट शिजवून, आईच्या दुधाच्या जोडीला. आख्खे दाणे लहान मुलाच्या घशात अडकतात. शेंगदाण्याने अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास लागला तर दाणे बंद करा आणि दवाखाना गाठा. मूल फार सुकले असेल, पायावर सूज असेल, खात नसेल तर घरी मिश्रण देत दिवस घालवू नका. अंगणवाडीताई किंवा आशाताईकडून दंडाचा घेर आणि वजन मोजून घ्या. अशा मुलासाठी सरकारी रुग्णालयातले पोषण पुनर्वसन केंद्र आहे.

मधुमेह असेल तर गूळ वगळा आणि पीठही मोजूनच घ्या, कारण त्यात गहू-तांदूळ आहेच. साखरेची गोळी किंवा इन्सुलिन चालू असताना जेवण सोडून फक्त पेलाभर सातू घेतले तर साखर एकदम उतरून चक्कर येऊ शकते. किडनीचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवायचे असते.

सिकलसेल हा आपल्या वस्त्यांचा जिव्हाळ्याचा विषय आहे. विदर्भात हा आजार आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो. सिकलसेलच्या रुग्णाला रोजचे साधे अन्न, भरपूर पाणी आणि हे पीठ चालते. पण ‘रक्त कमी आहे’ म्हणून लोहाची पावडर, टॉनिक किंवा गोळ्या स्वतःच्या मनाने देऊ नका. त्याचे रक्त कमी होण्याचे मूळ कारण तांबड्या पेशी लवकर फुटणे हे असते आणि लोह द्यायचे की नाही हे तपासणीनंतरच ठरते. विकतच्या ‘ताकदीच्या’ डब्यांत लोह मिसळलेले असू शकते, हे ध्यानात ठेवा. सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात फुकट होते.

आणि तो महागडा डबा?

२०२४ मध्ये केरळमधील डॉक्टरांच्या पुढाकाराने भारतात विकल्या जाणाऱ्या ३६ प्रथिन पावडरी प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या. जवळपास ७० टक्के डब्यांवर लिहिलेले प्रथिनांचे प्रमाण आणि आत सापडलेले प्रमाण जुळले नाही. काहींत तेच बुरशीचे अफ्लाटॉक्सिनही सापडले. म्हणजे महाग ते शुद्ध, असे नाही. डबा घ्यायचाच असेल तर त्यावरचा चौदा आकडी अन्न परवाना क्रमांक, तयार केल्याची तारीख आणि एका मापातली साखर बघा. मग किंमत एका मापाला किती पडते ते काढा आणि शेजारी घरच्या सातूचा खर्च लिहा. निर्णय आपोआप होईल.

वर्षावासात विहारात रोज संध्याकाळी आपण जमतोच. एखाद्या संध्याकाळी महिला मंडळाने किराणा दुकानातून तासाभरासाठी वजनकाटा मागून आणावा. प्रत्येकीने घरची वाटी आणावी आणि तिच्यात किती ग्रॅम गहू, किती डाळं, किती दाणे बसतात ते मोजून वाटीच्या बुडाला खुणेची चिठ्ठी चिकटवावी. आशाताईलाही बोलवावे. एकदा आपली वाटी किती ग्रॅमची ते कळले की मोबाइलवरच्या कोणत्याही कृतीची बेरीज आपल्याच घरात, आपल्याच हाताने करता येईल.

आणि पुढच्या रोवण्याला निघताना काळ्या चहाऐवजी पेलाभर सातू पिऊन निघा. भाताचा डबा मात्र सोबत असू द्या.